धुरावरून आगीचे माप

आंत्रपुच्छदाह, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘अपेंडिक्स’, हा पोटाच्या आत घडणारा आणि बाहेरून न दिसणारा रोग आहे. मोठ्या आतड्याच्या आरंभी लोंबणारी, बोटभर लांबीची, एका टोकाला बंद असलेली नळी सुजते. काही रुग्णांत ही सूज तिथेच थांबते. काहींत नळीची भिंत सडते, फुटते आणि पू पोटात पसरतो. कोणता रुग्ण कोणत्या वाटेवर आहे हे पोट उघडण्याआधी ठरवावे लागते. त्यासाठी सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनच्या जोडीला रक्तातील पांढऱ्या पेशी, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन म्हणजेच सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन, बिलिरुबिन अशा घटकांची मोजमापे वापरली जातात.

वैद्यकाच्या पुस्तकात हा विषय प्रयोगशाळेच्या प्रकरणात येतो. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र ज्ञानाचा आहे. न दिसणारी वस्तू खुणेवरून कळते हे मान्य केले, तरी ती वस्तू किती आहे हेही खुणेवरून कळते का? धुरावरून आग ओळखता येते. धूर मोजून आग मोजता येते का? न्यायदर्शनाने धूर आणि अग्नी या एकाच उदाहरणावर शतकानुशतके जो ऊहापोह केला, त्यात या प्रश्नाची बरीचशी उकल आधीच होऊन बसलेली आहे. उदाहरण योगायोगाने चपखलही आहे. सुजेला मराठी वैद्यक ‘दाह’ म्हणते, आणि इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थही पेटवणे असाच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधील सेल्ससने सुजेची जी चार लक्षणे नोंदवली, त्यांत लाली, फुगवटा आणि वेदना यांच्याबरोबर उष्णता होतीच.

रोग आणि त्याचे दोन वर्ग

या रोगाला आजचे नाव १८८६ मध्ये मिळाले. बोस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी उजव्या कुशीतल्या पुवाचे मूळ बहुतेक वेळा या छोट्या नळीत असते हे शवविच्छेदनांच्या आधारे दाखवले आणि ती वेळेत काढून टाकावी असे सुचवले. १८८९ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅक्बर्नी यांनी दुखरा बिंदू निश्चित केला. कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडाकडून साधारण एक तृतीयांश अंतरावर बोट टेकले की रुग्ण कळवळतो. ही खूण हाताची होती. रक्ताच्या खुणा नंतर आल्या.

आयुष्यात कधी ना कधी हा रोग होण्याची शक्यता शंभरात सात ते आठ जणांना असते. प्रौढांतील रुग्णांचे दोन वर्ग केले जातात. साध्या प्रकारात नळी सुजलेली असते, पण भिंत शाबूत असते. गुंतागुंतीच्या प्रकारात भिंत सडलेली किंवा फुटलेली असते, शेजारी पुवाची गाठ असते किंवा उदरावरणाला सूज आलेली असते. या विभागणीला आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे. पूर्वी निदान झाले की शस्त्रक्रिया ठरलेली असे. आता साध्या प्रकारात प्रतिजैविकांनी उपचार करण्याचा पर्याय अभ्यासांनी खुला केला आहे. त्यामुळे ‘रोग आहे का?’ या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘किती आहे?’ हा प्रश्न उपचाराची दिशा ठरवू लागला.

धूर कसा उठतो

नळीचे तोंड विष्ठेच्या खड्याने किंवा सुजलेल्या लसिका-ऊतीने बंद झाले की आत स्राव साचतो, दाब वाढतो, रक्त परतणे मंदावते आणि जिवाणू भिंतीत शिरतात. तिथल्या संरक्षक पेशी संदेशवाहक रेणू सोडतात. त्यांतला इंटरल्युकिन-६ रक्तातून यकृतात पोहोचतो आणि यकृत सीआरपी तयार करू लागते. हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. न्यूमोकॉकस जिवाणूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेशी ते जोडले जाते, म्हणून त्याच्या नावात ‘सी’ आला.

प्रत्येक खुणेची चाल निराळी असते. पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, काही तासांत वाढतात. प्रौढांत त्यांची नेहमीची एकूण संख्या दर मायक्रोलिटरला साधारण ४,००० ते ११,००० असते. सीआरपी सहा ते आठ तासांनी चढू लागते आणि दीड-दोन दिवसांनी शिखर गाठते. रक्तातून तिचे निम्मे प्रमाण नाहीसे व्हायला सुमारे १९ तास लागतात, आणि हा वेग आजारात फारसा बदलत नाही. म्हणून सीआरपीचा आकडा मुख्यतः यकृत ती किती बनवत आहे तेच दाखवतो. प्रोकॅल्सिटोनिन जिवाणूंचा संसर्ग शरीरभर पसरू लागला की लक्षणीय वाढते. बिलिरुबिनची वाट वेगळी आहे. आतड्यातले जिवाणू आणि त्यांची विषे यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत शिरली, की पित्त बाहेर टाकण्याच्या कामात अडथळा येतो आणि रक्तातले बिलिरुबिन थोडे वाढते. काविळीइतके नाही, पण रिपोर्टमध्ये दिसण्याइतके.

प्रयोगशाळेत सीआरपी मोजण्याची एक रूढ पद्धत पाहण्यासारखी आहे. रुग्णाच्या रक्तद्रवात लॅटेक्सचे अतिसूक्ष्म कण मिसळतात. या कणांवर सीआरपीला पकडणारी प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. रक्तद्रवात सीआरपी असली की कण एकमेकांना बिलगतात आणि स्वच्छ द्रव गढूळ, धुरकट होतो. यंत्र त्यातून प्रकाश सोडते, किती प्रकाश अडला ते मोजते आणि आकडा छापते. छापलेल्या कागदावर दशांश चिन्हासह जी संख्या येते, ती मुळात काचेतल्या धुरकटपणाची मात्रा आहे. पोटातली सूज, यकृतातले उत्पादन, काचेतला गढूळपणा आणि कागदावरचा आकडा अशा चार पायऱ्या इथे आहेत, आणि डॉक्टरच्या हाती फक्त शेवटची असते.

अनुमानाचा साचा

सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या पाठ्यग्रंथातून न्यायाचा अभ्यास सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा भेटतो तो डोंगर. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. यात डोंगर हा पक्ष, अग्नी हे साध्य आणि धूर हा हेतू. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ या अव्यभिचारी संबंधाला व्याप्ती म्हणतात. पण अनुमान व्याप्तीवर एकटीवर उभे राहत नाही. हेतू खरोखर पक्षावर आहे हेही कळावे लागते. याला पक्षधर्मता म्हणतात. धूर दिसला, पण तो डोंगरामागच्या गावातून येत असला, तर डोंगरावरच्या अग्नीचे अनुमान कोसळते.

रक्तातल्या खुणांची पहिली अडचण व्याप्तीची नाही, पक्षधर्मतेची आहे. रक्त सगळ्या शरीराचे असते. सीआरपी लिटरला १२० मिलिग्रॅम आहे यावरून शरीरात कुठेतरी दाह आहे हे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. तो आंत्रपुच्छातच आहे हे नाही. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, स्त्रियांत गर्भाशयाच्या नळ्यांची सूज, लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील क्रोनचा आजार या सगळ्यांत तोच धूर उठतो. नुसता दाह नव्हे, आंत्रपुच्छदाहच साध्य धरला तर मात्र व्याप्तीही मोडते: न्यायाच्या भाषेत ‘सीआरपी वाढली, म्हणून आंत्रपुच्छदाह’ हा साधारण सव्यभिचार हेत्वाभास आहे, कारण साध्य नाही तिथेही हेतू सापडतो.

धूर याच डोंगरावरचा आहे हे इतर साधने ठरवतात. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेले दुखणे, मॅक्बर्नीच्या बिंदूवर टेकलेले बोट, सोनोग्राफीत दिसलेली आणि दाबूनही न दबणारी नळी ही ती साधने. म्हणून रक्ताच्या खुणांचे खरे काम निदान झाल्यावर सुरू होते. दाहाची जागा एकदा निश्चित झाली की मग ‘किती?’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ असतो. प्रोकॅल्सिटोनिनच्या बाबतीत हे स्पष्ट दिसले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणात ‘रोग आहे का?’ हे सांगताना त्याची संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी जितके त्याने पकडले जातात ते प्रमाण, सुमारे ३३ टक्केच भरली. ‘रोग गुंतागुंतीचा आहे का?’ हे सांगताना ती सुमारे ६२ टक्के झाली. खूण तीच होती. साध्य बदलताच तिचे मोल बदलले.

नदीचा पूर आणि त्याचा गाळ

कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला न्यायसूत्रे शेषवत् म्हणतात. नदीला पूर आला, म्हणून वर कुठेतरी पाऊस झाला असावा, हे त्याचे रूढ उदाहरण. सूत्रकार गौतम स्वतःच यावर आक्षेप मांडतो. पाणी पुढे अडवल्यामुळेही नदी फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार असे म्हणावे, तर त्यांचे वारूळ मोडल्यामुळेही त्या निघतात. मोराच्या ओरडण्यावरून मोराचे अनुमान करावे, तर माणूसही तसा आवाज काढू शकतो. मग अनुमान प्रमाण कसे?

उत्तर असे आहे की आक्षेप घेणाऱ्याने खूण अर्धीच पाहिली. वात्स्यायनाचे भाष्य हे उत्तर खुलवून सांगते. पाणी नुसते वाढले याला पावसाची खूण कोणी म्हणत नाही. पाणी वाढले, प्रवाहाला वेग आला, ते गढूळ झाले, त्यावर फेस आला आणि पाने, फळे, लाकडे वाहून येऊ लागली, तर ती वरच्या पावसाची खूण. बांध घातल्याने फुगलेली नदी संथ असते. चूक अनुमानाची नसते, अनुमान करणाऱ्याची असते. त्याने हेतूचे विशेष नीट पाहिलेले नसतात.

रक्ताच्या रिपोर्टला हे उत्तर जसेच्या तसे लागू पडते. ‘पांढऱ्या पेशी १४,०००’ ही नुसती फुगलेली नदी आहे. गरोदरपणात, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी, नुसत्या तीव्र वेदनेने किंवा ताणानेही तो आकडा गाठला जातो. पेशी १४,०००, त्यांत न्यूट्रोफिल ८८ टक्के, लिम्फोसाइट घटलेल्या, सीआरपी दीडशेच्या वर, बिलिरुबिन किंचित चढलेले आणि सोडियम १३५ च्या खाली उतरलेले असे चित्र एकत्र आले, तर तो गाळासकट आलेला पूर असतो. यांतल्या एकेका खुणेचा संबंध गुंतागुंतीच्या आंत्रपुच्छदाहाशी निरनिराळ्या अभ्यासांत आढळला आहे. एकटी कुठलीच पुरेशी ठरलेली नाही.

काळ हाही हेतूचा विशेष आहे. समजा, तिशीतल्या एका माणसाला रात्री दहाला बेंबीभोवती दुखू लागले. मध्यरात्री उलटी झाली, पहाटेपर्यंत दुखणे उजवीकडे खाली उतरले. सकाळी सहाच्या रक्तात पांढऱ्या पेशी १३,५०० आणि सीआरपी लिटरला ८ मिलिग्रॅम. संध्याकाळी सहाला पेशी १४,०००, सीआरपी ४५. पहिल्या कागदावर सीआरपी जवळजवळ निर्दोष होती. दुसऱ्यावर पेशी होत्या तिथेच आहेत आणि सीआरपी पाचपटीहून वर गेली आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की नदी चढते आहे हे दिसते. कोणताही एकच कागद हे सांगत नाही.

तापलेला लोखंडी गोळा

धुरावरून अग्नी सिद्ध होतो, पण अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही. लाल तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे विधान एका अटीवर खरे ठरते: इंधन ओले असले पाहिजे. अनुमानात गुपचूप शिरलेल्या अशा अटीला न्याय उपाधी म्हणतो. उपाधी उघड केली नाही तर व्याप्ती खरी वाटते आणि फसवते.

‘सीआरपी नॉर्मल आहे, म्हणजे अपेंडिक्स नाही’ या वाक्यात नेमकी ही चूक होते. बोलणारा ‘जिथे आंत्रपुच्छदाह तिथे सीआरपी वाढलेली’ असे गृहीत धरतो, म्हणजे अग्नीवरून धूर काढू पाहतो. इथल्या ओल्या इंधनाचे दोन मुख्य घटक आहेत. पहिला काळ: दुखणे सुरू होऊन चार तास झाले असतील तर नळी सुजलेली असूनही यकृताचे उत्पादन अजून वर आलेले नसते. दुसरा यकृत आणि त्याला मिळणारा संदेश: यकृत निकामी होत आलेल्या रुग्णात सीआरपी कमी बनते, आणि संधिवातासाठी इंटरल्युकिन-६ चा मार्ग रोखणारे टोसिलिझुमॅबसारखे औषध चालू असेल तर गंभीर संसर्गातही सीआरपी खालीच राहू शकते. अशा रुग्णात आग असते, धुराडेच बंद असते.

उपाधी उघड केली की विधान दुरुस्त करता येते. दुखणे सुरू होऊन बराच काळ लोटला आहे, यकृत ठीक आहे, असे कुठले औषध चालू नाही, आणि तरीही पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल आणि सीआरपी तिन्ही नेहमीच्या मर्यादेत आहेत, अशा प्रौढात आंत्रपुच्छदाहाची, त्यातही गुंतागुंतीच्या प्रकाराची, शक्यता खूपच कमी होते. धुराच्या अभावावरून अग्नीचा अभाव काढायचा, तर इंधन ओले होते हे आधी सिद्ध करावे लागते.

मात्रेचे अनुमान

इथपर्यंत अनुमान ‘आहे’ किंवा ‘नाही’ यापुरते होते. तीव्रता ही मात्रा आहे, आणि डोंगराच्या दृष्टान्तात मात्रेला जागा नाही. थोडा धूर आणि पुष्कळ धूर यांवरून न्यायाचा विद्यार्थी एकच निष्कर्ष काढतो: अग्नी आहे. थोड्या धुरावरून छोटी आग म्हणायची, तर धूर आणि आग यांच्यात प्रमाणबद्ध संबंध आहे हे वेगळे दाखवावे लागते. ओल्या पेंढ्याची छोटी आग रान धुराने भरून टाकते आणि सुक्या लाकडांचा मोठा जाळ जवळजवळ धूर न करता जळतो.

सीआरपी आणि तीव्रता यांच्यात असा संबंध आहे, पण तो ढोबळ आहे. भिंत सडलेल्या किंवा फुटलेल्या रुग्णांच्या गटात सरासरी आकडा साध्या गटाहून स्पष्टपणे वर असतो. मात्र दोन गटांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणूनच मर्यादेचा आकडा सर्वमान्य होत नाही. कुठे ५० च्या आसपास रेघ ओढली जाते, कुठे १०० च्या पुढे, कुठे १५० च्या. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांच्या गुणोत्तरासाठी २०२० च्या एका संकलित विश्लेषणाने रोगाच्या निदानासाठी ४.७ आणि गुंतागुंतीसाठी ८.८ या मर्यादा दिल्या. दशांशापर्यंतचा हा नेमकेपणा गणिताचा आहे. ८.७ आणि ८.९ च्या दोन रुग्णांच्या पोटात त्याने काही फरक पडत नाही.

व्याप्तीतला हा व्यभिचार मोजता येतो. निव्वळ समजण्यासाठी काही गोल आकडे घ्यावेत. आंत्रपुच्छदाहाचे १०० रुग्ण आहेत, त्यांत २० गुंतागुंतीचे. एक खूण गुंतागुंतीच्या शंभरात ८० जणांत सापडते आणि साध्या शंभरात २० जणांतही सापडते. मग खूण असलेले ३२ जण निघतील: १६ गुंतागुंतीचे, १६ साधे. खूण सापडली तर निष्कर्ष निम्म्या वेळा खरा. खूण नसलेल्या ६८ जणांत गुंतागुंतीचे चारच. आता तीच खूण अशा ठिकाणी न्यावी जिथे रुग्ण लवकर येतात आणि शंभरात पाचच गुंतागुंतीचे असतात. तिथे खूण असलेले २३ निघतील, त्यांत खरे चार. खूण बदलली नाही, यंत्र बदलले नाही, तरी तिचा शब्द निम्म्यावरून सहाव्या हिश्श्यावर आला. न्यायाची व्याप्ती स्थळकाळाच्या पलीकडची असते. वैद्यकातली व्याप्ती आपण कोणत्या रुग्णांमध्ये उभे आहोत हे विचारल्याशिवाय बोलत नाही.

व्यवहारात शितावरून भाताची परीक्षा होते. इथे ती उलटी करावी लागते: शेकडो रुग्णांच्या भातावरून समोरच्या एका शिताचा निर्णय. या उलटापालटीत जे निसटते ते त्या शिताचे स्वतःचे असते, म्हणजे वय, आधीचे आजार, दुखणे नक्की किती वाजता सुरू झाले ते.

मात्रेच्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. जुनी समजूत अशी की आंत्रपुच्छदाह एका सरळ रेषेत पुढे जातो: सूज, मग सड, मग फूट. ती खरी असेल तर चढलेली सीआरपी म्हणजे पुढे गेलेली वेळ. अलीकडे एक वेगळे मत बळावले आहे. साधा आणि गुंतागुंतीचा हे एकाच रोगाचे दोन टप्पे नसून दोन निराळे प्रकार असावेत. पहिला अनेकदा आपोआप किंवा औषधाने शमतो, दुसरा सुरुवातीपासूनच फुटण्याच्या वाटेवर असतो. हे खरे असेल तर सीआरपीचा आकडा घड्याळ वाचत नाही, जात ओळखतो. रक्तातली तीच संख्या ‘किती’ चे उत्तर आहे की ‘कोणता’ चे, हे रोगाच्या स्वरूपाविषयी आपण काय मानतो त्यावर ठरते.

युक्ती: अनेक कारणांची सांगड

चरकसंहितेत रोगपरीक्षेसाठी अनुमानाचा सर्रास उपयोग आहे, आणि त्यात रक्ताची परीक्षाही आहे. शरीरातून वाहणारे रक्त शुद्ध आहे की रक्तपित्ताने दूषित आहे अशी शंका आली, तर ते कुत्र्याकावळ्यापुढे ठेवावे. त्यांनी खाल्ले तर शुद्ध, तोंड लावले नाही तर दूषित. वैद्याने रुग्णाच्या शरीराची चव स्वतः घेऊ नये, उवा अंग सोडून जातात का, माश्या बसतात का यावरून ओळखावी. मूळ विचार आजच्या प्रयोगशाळेचाच आहे. जे इंद्रियाला थेट मिळत नाही ते तिसऱ्याच कुणाच्या प्रतिक्रियेत वाचायचे. कावळ्याच्या जागी आज लॅटेक्सचे कण आले आहेत.

चरक प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तोपदेश यांच्या जोडीला युक्ती नावाचे चौथे प्रमाण मानतो. पाणी, नांगरट, बी आणि ऋतू एकत्र आले की पीक येते. अनेक कारणांची अशी सांगड पाहणारी बुद्धी ती युक्ती. ती अनुमानाहून वेगळी का मानावी यावर दर्शनकारांत वाद झाला, पण वैद्याला तिची गरज उघड आहे, कारण त्याच्यापुढे एकच हेतू कधी येत नाही.

आजच्या गुणपत्रिका हे युक्तीचे अंकात मांडलेले रूप आहे. १९८६ मध्ये आल्फ्रेडो अल्वाराडो यांनी दहा गुणांची पत्रिका मांडली. तिच्यात दुखण्याचे सरकणे, भूक मंदावणे, मळमळ, पोटाचा हळवेपणा, ताप यांना गुण होते आणि रक्तातून फक्त पांढऱ्या पेशी व न्यूट्रोफिल. २००८ मध्ये स्वीडनमधून आलेल्या बारा गुणांच्या दुसऱ्या पत्रिकेने सीआरपी आत घेतली आणि ‘आहे-नाही’ च्या जागी पायऱ्या आणल्या: १० ते ४९ ला एक गुण, ५० किंवा अधिकला दोन. पोट दाबून हात सोडताना होणाऱ्या वेदनेलाही सौम्य, मध्यम, तीव्र असे एक ते तीन गुण. हाताची खूण आणि रक्ताची खूण एकाच बेरजेत आल्या. मात्र कोणत्या खुणेला किती वजन द्यायचे हे मागच्या रुग्णांवरून ठरलेले असते. युक्तीलाही आपली व्याप्ती कुठून तरी शिकून घ्यावी लागते.

पडताळा आणि शंकेची मर्यादा

अनुमान खरे होते हे कसे कळते? डोंगर चढून पाहिले की. शस्त्रक्रिया हा असा चढ होता. नळी काढली जाई, तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली जाई आणि रक्ताच्या खुणेचा निकाल लागे. प्रतिजैविकांच्या उपचाराने हा निकालच हाती येईनासा झाला. फिनलंडमधील २०१५ च्या अभ्यासात सीटी स्कॅनवर साधा प्रकार दिसलेले ५३० प्रौढ होते. प्रतिजैविके दिलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागली आणि पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवर गेले. अमेरिकेतील २०२० च्या १,५५२ प्रौढांच्या अभ्यासात प्रतिजैविके घेतलेल्यांपैकी दहातल्या जवळपास तिघांना ९० दिवसांत शस्त्रक्रिया करावी लागली. विष्ठेचा खडा असलेल्यांत हे प्रमाण अधिक होते. उरलेल्यांची नळी कुणी पाहिलीच नाही.

ज्ञानाचे प्रामाण्य कसे ठरते यावर मीमांसक आणि नैयायिक यांचा जुना वाद आहे. मीमांसक म्हणतो, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक पुरावा आला तरच ते सोडावे. नैयायिक म्हणतो, प्रामाण्य बाहेरून कळते, त्या ज्ञानावर केलेली कृती सफल झाली म्हणजे. पाणी समजून गेलो आणि तहान भागली, तर ते पाणी होते. नळी न काढलेल्या रुग्णांच्या बाबतीत नैयायिकाचा पडताळा हाच उरतो: ‘साधा’ मानून औषध दिले आणि रुग्ण बरा झाला. पण रोग आपोआपही शमणारा असेल, तर बरे होणे हा पुरावा कशाचा? तहान पाण्याने भागली की तहान मुळात लागलीच नव्हती, हे वेगळे करता येत नाही. म्हणून अशा अभ्यासांत रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले जातात आणि एकेका रुग्णाचे नव्हे, गटाचे फळ पाहिले जाते.

चार्वाकाचा आक्षेप याहून मुळावर घाव घालतो. सगळे धूर आणि सगळे अग्नी कुणी पाहिलेले नाहीत. मग व्याप्ती कळली कशी? दहाव्या-अकराव्या शतकातील मिथिलेचा नैयायिक उदयन याला व्यवहारातून उत्तर देतो. शंका तिथपर्यंतच घ्यावी जिथपर्यंत ती शंका घेणाऱ्याच्याच वागण्याशी विसंगत होत नाही. धुरासाठी अग्नी पेटवणारा आणि भूक भागवायला जेवणारा माणूस या संबंधांवर शंका घेत असल्याचे नुसते बोलतो. रुग्णशय्येपाशी ही मर्यादा तासांत मोजली जाते. साधा प्रकार वाटत असलेल्या, स्थिर रुग्णात शंकेला जागा असते; काही तासांनी पुन्हा पोट तपासावे, रक्त पुन्हा पाठवावे, नदी चढते की उतरते ते पाहावे. आकडा चढत असताना आणखी एका नमुन्याची वाट पाहत राहणे हे शंकेच्या नावाखाली निर्णय टाळणे ठरते.

मर्यादेच्या दुसऱ्या टोकाला अनुमानाची गरजच संपते. नव्य न्याय म्हणतो, साध्य आधीच सिद्ध असेल आणि अनुमान करण्याची खास इच्छा नसेल, तर पक्षच उरत नाही. हत्ती डोळ्यांसमोर उभा असताना त्याच्या चीत्कारावरून त्याचे अनुमान कोणी करत नाही. सगळे पोट फळीसारखे ताठ झालेला, नाडी धावत असलेला, रक्तदाब उतरू लागलेला रुग्ण समोर असला, तर सीआरपीच्या रिपोर्टसाठी शस्त्रक्रिया थांबवली जात नाही. रक्त प्रयोगशाळेत जाते, कारण भूल देण्याआधी आणि नंतर तुलनेसाठी ते आकडे लागतात. ‘किती?’ या प्रश्नाचे उत्तर तोवर हाताने दिलेले असते.